फक्त बघण्याची परवानगी

दुपारची जेवणं आटोपली, अण्णांना उशांना टेकवून बसवलं आणि ताईने पलंगाशेजारच्या खुर्चीत बसकण मारली. फोनवर ती फाइल उघडली. आज ही धाकट्याच्या गळ्यात घालायचीच, हे तिने भांडी घासतानाच ठरवलं होतं.

फाइल म्हणजे अण्णांचं आजारपण. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. तेव्हापासून औषधं, जेवण, पाण्याचे ग्लास, बदललेल्या चादरी, सगळं रोजच्या रोज तिथे भरलं जाई. भरणारी एकटी ताई. मधली बहीण आणि धाकटा भाऊ आपापल्या गावी बसून वाचत आणि कमेंट टाकत. ‘दुपारी झोपू देऊ नकोस गं.’ ‘व्यायाम झाला का?’ उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. या दोघांचं नुसत्या नेटवर भागत होतं.

सुरुवातीला तिने दोघांनाही बदल करायची परवानगी दिली होती. पण एकदा धाकट्याला नीटनेटकेपणाचा झटका आला. त्याने औषधांची नावं बाराखडीप्रमाणे लावून टाकली. वेळा मात्र होत्या तिथेच राहिल्या. झोपेची गोळी सकाळी आठच्या पुढे जाऊन बसली. ताईला त्या गोळीचा रंग पाठ होता म्हणून निभावलं. त्याच दिवशी तिने दोघांची परवानगी काढून घेतली. वाचा, कमेंट टाका, हात लावू नका. ‘बरं झालं बाई,’ असं मधलीने लिहिलं, आणि ते अगदी मनापासून लिहिलं असणार. हातच लावायचा नाही म्हटल्यावर हात झटकायचीही गरज उरत नाही.

आता सोमवारी ताईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. दोनदा तिने ते पुढे ढकललं होतं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. दहा दिवस वजन उचलायचं नाही, म्हणजे अण्णांना उचलायचं नाही. दोघांना फोनवर सांगून आठवडा झाला, तरी ‘बघतो’ आणि ‘कळवते’ यापुढे गाडी सरकली नव्हती. रोज मरे त्याला कोण रडे! भांडायचासुद्धा आता तिला कंटाळा आला होता. त्यापेक्षा धाकट्याला फाइलचा मालकच करून टाकायचं, मग रिकामे रकाने रोज सकाळी त्याच्याच तोंडाकडे बघत बसतील.

तिने परवानग्यांची यादी उघडली. मधलीच्या नावापुढे कमेंट, धाकट्याच्या नावापुढे कमेंट. स्वतःच्या नावापुढे ‘मालक’ असेल असं तिने धरलंच होतं. तिथे होतं, ‘बदल करू शकतात’. मालक सगळ्यात वर होता, आणि त्या चिमुकल्या गोल फोटोत नोकरीच्या दिवसांतले अण्णा होते, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेले.

मग तिला आठवलं. अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी तिच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं. फाइल तिने अण्णांच्या टॅबवर बनवली होती आणि तिथून सगळ्यांना पाठवली होती.

म्हणजे ती अण्णांनाही वाचता येत होती. फाइलमधला शेवटचा रकाना होता ‘शेरा’. तो तिने भावंडांसाठी ठेवला होता, म्हणून तिथे हात राखून काहीच लिहिलं नव्हतं. ‘आज तीन चादरी. माझी पाठ गेली.’ ‘ताट ढकललं. मीही माणूसच आहे.’ आणि मार्चमध्ये एके दिवशी नुसतंच, ‘अजून किती दिवस?’

पलंगावर अण्णा उजव्या हाताने टॅबवर काहीतरी सरकवत होते. ते पत्ते खेळतात, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “आपली ती फाइल तुम्ही उघडता?”

“रोज,” अण्णा म्हणाले. त्यांचा एकेक शब्द अजूनही जड यायचा.

“सगळी?”

“रेकॉर्डवाला... अर्धी फाइल... वाचतो होय?”

अण्णा आयुष्यभर एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे मुख्य कारकून होते. सहीशिवाय तिथून कागदाचा कपटा बाहेर गेला नव्हता. साहेब आला तरी दारातच उभा.

“मग मला सांगायचं नाही का?” ताईचा आवाज चढला. लाजेने चढला, पण ऐकायला रागावल्यासारखाच वाटला.

“लिहायची... थांबली असतीस,” अण्णा म्हणाले. “कुठंतरी... बोलायला हवंच ना तुला.”

तिने मान खाली घातली आणि उगाच फाइल मागे मागे सरकवत नेली. तीन चादरींचा तो दिवस आला. त्या दिवशी पाण्याच्या रकान्यात सात होते. दुसऱ्या दिवशी चार. मग तीन, तीन, तीन. पुढे तिचाच शेरा, ‘पाणी पीत नाहीत. नुसता हट्टीपणा.’

“अण्णा, पाणी तुम्ही मुद्दाम कमी केलंत?”

अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. “चादरी... कमी झाल्या ना?”

“अक्कल आहे का काही!” ताई ओरडली, जन्मात पहिल्यांदा बापावर अशी ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिचे डोळे भरून आले. तिने ग्लास भरून त्यांच्या ओठांना लावला. अण्णांनी तो निमूटपणे संपवला. तिने दुसरा भरला.

“आज फाइल... कशाला उघडलीस?” तोंड पुसून घेत अण्णांनी विचारलं.

“धाकट्याला तिचा मालक करायला. सोमवारी माझं ऑपरेशन आहे, दुसरं करू काय?”

“कसलं ऑपरेशन?” अण्णांचा चेहरा उतरला. “फाइलमध्ये... नाही.”

“फाइल तुमची आहे अण्णा. तिच्यात माझं कसं असेल?”

अण्णांनी उजव्या हाताने टॅब जवळ ओढला. मग म्हणाले, “चष्मा दे.”

एका बोटाने ते तासभर काहीतरी करत होते. ताई कपडे वाळत घालून आली, तेव्हा फोन वाजला. फाइलमध्ये अण्णांची पहिली कमेंट पडली होती.

‘ताईचे सोमवारी ऑपरेशन आहे. ती दहा दिवस रजेवर. दोघांना बदल करण्याची परवानगी दिली आहे. औषधांच्या रकान्यांना कुलूप घातले आहे, तिथे कुणी शहाणपणा करू नये. कोण कोणत्या दिवशी येणार ते आज संध्याकाळपर्यंत भरावे.’ खाली, जुन्या सवयीने, ‘रेकॉर्ड विभाग’.

आठवडाभर जे जमलं नव्हतं ते वीस मिनिटांत जमलं. पहिले पाच दिवस धाकटा, पुढचे पाच मधली.

मंगळवारी दुपारी दवाखान्यातल्या खाटेवर ताईला जाग आली. पोट दुखत होतं, तोंडाला कोरड होती. सवयीचा हात फोनकडे गेला. फाइल उघडली तर दुपारच्या गोळीपुढे खूण नव्हती. ‘गोळी दिलीस का?’ असं लिहायला तिने बोट टेकवलं, तर वर पट्टी आली, ‘तुम्हाला फक्त बघण्याची परवानगी आहे.’ पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.

हे कुणी केलं, ते तिला विचारावं लागलं नाही.

मग ती नुसतंच बघत राहिली. दोन मिनिटांनी गोळीपुढे खूण आली. पाणी: पाच. चादरी: चार. शेऱ्याच्या रकान्यात धाकटा काहीतरी लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी तिथे एवढंच राहिलं, ‘ताई, हे तू एकटी दोन वर्षं’. वाक्य त्याला पुरं करता आलं नसावं.

ताईने फोन उशीखाली सरकवला. डोळे पुसायचंही तिच्यात त्राण नव्हतं. भरदुपारी, कुणाची हाक येणार नाही याची खात्री असल्यासारखी, ती पुन्हा झोपून गेली.