ताराभाभीचं मत

माझा भाऊ रमणीकलाल याने सुरतेत जरीचा कारखाना काढला, तेव्हा त्याचा धवल रांगत होता. पुढे हाच धवल बापासमोर उभा ठाकला. "पप्पा, आता सही माझी चालणार."

भाऊ म्हणाला, "मी मेलो की चालव."

विधवा झाल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. बापलेक एका टेबलावर जेवेनासे झाले. धवलने नेमलेल्या मॅनेजरला भाऊ काढायचा, भावाच्या माणसांना धवल. कारखान्यात दोघांचा हिस्सा सारखा. उरलेला माझ्या भावजयीचा, ताराभाभीचा.

खरं दुखणं वेगळंच होतं. भाऊ विसरायला लागला होता. बनारसच्या जुन्या गिऱ्हाइकाला त्याने चोर समजून हाकलून दिलं. मेलेल्या मुनिमाला हाका मारायचा. घरात सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं.

"बा, मी काय त्यांना रस्त्यावर काढतोय?" धवल आईला म्हणाला. "खुर्ची त्यांचीच राहील. रोज येतील, बसतील, चहा पितील. फक्त सही माझी."

"फोईसमोर, या तुझ्या आत्यासमोर शब्द दे."

"दिला."

सही कुणाची हे ठरवायला तिघा हिस्सेदारांची सभा घरच्याच दिवाणखान्यात झाली. भाभीने धवलच्या बाजूने हात वर केला. भावाने तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "बरं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला, तर केबिनला कुलूप. पुढे वॉचमनलाही हुकूम झाला, शेठना आत सोडायचं नाही.

भाभी मुलावर तुटून पडली. "शब्द दिला होतास ना रे?"

"ते बसले की कामगार त्यांचंच ऐकतात, बा. असा धंदा नाही चालत."

भावाने भाभीशी बोलणंच टाकलं. मग दुखणं वाढलं आणि तो रागही विसरला. रोज सकाळी पांढरे कपडे घालून दाराशी उभा. "तारा, उशीर होतोय!" भाभी त्याला गाडीतून गेटपर्यंत न्यायची. वॉचमन मान खाली घालून म्हणायचा, "शेठ, आज सुट्टी आहे."

"असं होय? चल तारा, मग लोचो खाऊन जाऊ."

एका दुपारी आम्ही दोघी पापडी सोलत बसलो होतो. तो एकदम भानावर आल्यासारखा बोलला, "तारा, हात तूच वर केलास ना?"

भाभी थांबली. "हो. मीच."

"घरात एकदा म्हणाली असतीस, तुम्हाला आता झेपत नाही म्हणून. मी आपण होऊन उठलो असतो गं."

भाभीला रडू आवरेना. तो गोंधळला, माझ्याकडे वळला. "बेन, या बाई का रडतायत? पाणी दे त्यांना."

थंडीत तो गेला. धवल धाय मोकलून रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. म्हणाला, "बा, पप्पांना कारखान्यातून नेऊ. यंत्रं थांबवतो. कामगारांना दर्शन होईल."

"जिवंत होते तेव्हा गेट उघडलं नाहीस. आता नको."

त्याने तिचे पाय धरले. तिने ते सोडवून घेतले. तिरडी दुसऱ्या रस्त्याने तापीवर गेली.

भाभीने नंतर आपला हिस्सा धवलच्या नावावर करून टाकला. "मला परत कुणी विचारायला नको," म्हणाली.