पासष्ट इंच पांढरं

टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा शेडमास्तरांनी त्यावर सगळ्यात आधी पांढरा रंग शोधला. बाकीची माणसं आवाज बघतात, चॅनेल मोजतात. मास्तर एकोणतीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय तिथून मीटरभर कापड बाहेर पडत नसे. नमुना आणि नवा माल दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचा, रंगाची शेड जुळते का ते डोळे किलकिले करून बघायचं आणि 'पास' किंवा 'नाही' म्हणायचं, एवढीच नोकरी. मालकांनी रंग मोजायचं यंत्र घेण्याची गोष्ट काढली की मास्तर विचारत, "मग मी काय चहा करू?" मालक हसत आणि यंत्र पुढच्या वर्षावर जाई.

तर पासष्ट इंची पडद्यावर मास्तरांच्या आईंच्या मालिकेतला डॉक्टर अवतरला आणि त्याचा कोट पिवळट होता.

"पांढराच आहे," बायको म्हणाली.

"दुकानात पांढरा दिसत होता."

"दुकानात डॉक्टर कुठे होता? दुकानातल्या पडद्यावर मासे होते."

मास्तरांनी रिमोट ताब्यात घेतला, तो आठवडाभर सोडला नाही. ते सोफ्यावरून बघत, खुर्चीवरून बघत, स्वयंपाकघराच्या दारात अर्धे लपून बघत. खिडकीचे पडदे लावले, मग उघडले. दिवाणखान्यातला दिवा बदलला, मग जुनाच परत लावला. सेटिंगमध्ये शिरून निळा रंग एकेका घराने वाढवत नेला. चौथ्या दिवशी बातम्या देणारी बाई विहिरीतून नुकतीच वर काढल्यासारखी दिसू लागली. मास्तर म्हणाले, आता जरा बरं आहे.

पाचव्या दिवशी त्यांनी बर्फातलं अस्वल लावलं.

"अस्वल मुळातच पिवळसर असतं म्हणतात," बायको म्हणाली.

"आणि बर्फ?"

"बर्फ निळा झालाय, तुमच्या कृपेने. अहो, एका जागी बसा हो. तुम्ही मध्ये उभे राहता आणि आईंना निम्माच डॉक्टर दिसतो. कोणाचं पोट फाडलंय तेही त्यांना कळेना."

"यकृत आहे," आई कोपऱ्यातून म्हणाल्या. "मला कळतंय सगळं."

शनिवारी कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने सेटिंग मूळपदावर आणली, पडद्याला एक काळी चकती चिकटवली, हातातल्या यंत्रावरचे आकडे वाचले आणि चकती काढून खिशात टाकली.

"एक नंबर आहे, काका. याहून पांढरं पांढरं नसतं."

"तुम्हाला स्वतःला कसं दिसतंय?"

"मला कसं दिसतंय त्याला कोण विचारतो? यंत्र सांगतंय ना."

मास्तरांना हा अपमान कुणाचा झाला ते नीट सांगता आलं नसतं, पण झाला होता खरा. तंत्रज्ञाचा जिना उतरून होईपर्यंत निळा रंग पुन्हा चार घरं वर गेला होता.

रविवारी सकाळी मालिकेचे जुने भाग लागले आणि कोटावरून नवरा-बायकोची पुन्हा जुंपली. आईंनी तेवढ्यात एक डोळा तळव्याने झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. असं दोनतीनदा केलं.

"दोघांचंही खरं आहे," त्या म्हणाल्या. "भांडू नका. डाव्याने बघितलं की तो निळा दिसतो, ही म्हणते तसा. उजव्याने बघितलं की चांगला दिसतो, तू म्हणतोस तसा."

बायको हसली, आणि मध्येच थांबली. आईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालं होतं. उजव्याचं व्हायचं होतं.

"उजवा वाईट आहे तुझा," मास्तर म्हणाले.

"वाईट आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? एक धुऊन आणला तेव्हा दुसऱ्याची लबाडी कळली. डाव्याने पहिल्यांदा उशीचा अभ्रा बघितला तर वाटलं, सुनेने नवीन आणलाय." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुलाही अठ्ठावन्न लागलं की रे."

मास्तर उठून गॅलरीत गेले. दोरीवर बायकोने धुतलेल्या चादरी वाळत होत्या. नीळ कमी पडते म्हणून गेले सहा महिने ते तिला टोचून बोलत होते. कारखान्यातही तेच. पांढरं कापड समोर आलं की, पिवळट मारतंय, नीळ वाढवा. एका रुग्णालयाने चादरींचा माल निळा म्हणून परत पाठवला तेव्हा त्यांनी निरोप धाडला होता की तुमच्याकडचे दिवे बदला. परवा शुक्रवारी त्याच रुग्णालयाचा दोन हजार मीटर माल त्यांनी पास केला होता. गाडी सोमवारी सकाळी निघणार होती.

कुणालाच काही कळलेलं नव्हतं. आजारपणाची रजा काढायची, गुपचूप डोळे करून घ्यायचे, महिन्याने दिव्याखाली परत उभं राहायचं. बोललं तर मालक उद्या दुपारपर्यंत यंत्र आणून ठेवतील आणि चहाचं तेवढं खरं होईल. ते गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. गॅलरी चार पावलांची होती, त्यामुळे बऱ्याच वेळा गेले. मग त्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. बाई अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या.

"बाई, उद्याची गाडी थांबवा. चादरींची."

"काय झालं, मास्तर?"

"शेड पुन्हा बघायची आहे. तुम्ही बघायची."

"मी?" फोनमध्ये मागे कुकरची शिट्टी झाली. "मला शुक्रवारीच निळी वाटली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे?"

मास्तरांनी दोरीवरची एक चादर उगाचच सारखी केली.

"यापुढे बोलत जा."

"बरं. पण गाडी थांबवायची म्हणजे मालकांना कारण द्यावं लागेल. काय सांगू? यंत्रणेत बिघाड सांगू?"

"नको. सांगा, मास्तरांना पांढरं पिवळं दिसतंय."

"असंच सांगू?"

"असंच," मास्तर म्हणाले. "नाहीतर थांबा, मीच सांगतो."