चाळीसाव्या पानानंतर

इंदुताईंनी पाचवी कादंबरी मिटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'चाळीसाव्या पानानंतर मेलेला माणूस गायब.' मग त्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली. तीस वर्षं वह्या तपासलेल्या हाताला एका रेघेवर थांबणं जमत नव्हतं.

ग्वाल्हेरला जयेंद्रगंजातल्या मराठी वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणीतरी पुस्तकांवर बोलायचं, असा रिवाज होता. ऐकायला बारा-पंधरा माणसं, त्यांतली चार केवळ चहासाठी. या खेपेला ग्रंथपाल मधुसूदन यांनी इंदुताईंना विचारलं, तेव्हा त्यांनी क्षणभरही न थांबता विषय सांगितला: कादंबरीतला शोक आणि सूड. मधुसूदन चपापले. प्रवासवर्णनं घेतली असती तर, असं काहीसं पुटपुटले आणि निमूटपणे कपाटातून पुस्तकं काढून देऊ लागले.

ते का चपापले, हे गावाच्या सगळ्या लश्कर भागाला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात इंदुताईंचा एकुलता एक मुलगा अभिराम बँकेतून स्कूटरवर घरी येताना सिटी सेंटरच्या रस्त्यावर एका गाडीखाली सापडला. गाडी थांबली नाही. ती जगदेवरावांच्या घरची होती आणि त्यांचा मुलगा उत्कर्ष ती चालवत होता, असं रस्त्यावरच्या दोघा साक्षीदारांनी पोलिसांना सांगितलं. कोर्टात मात्र दोघांनाही काही आठवेना. राहिलेली कसर उत्कर्षच्या आईने, लीलाताईंनी भरून काढली. त्या संध्याकाळी साडेसात वाजता मुलगा माझ्यासमोर जेवायला बसला होता, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. भरलं वांगं केलं होतं, त्याने दोनदा मागून घेतलं. गेल्या वर्षी उत्कर्ष सुटला.

त्या साक्षीच्या वेळी इंदुताई पहिल्या बाकावर होत्या. खोटं बोलणारा माणूस भाजी कोणती ते आवर्जून सांगतो, हे जन्मभर कादंबऱ्या वाचल्यामुळे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. न्यायाधीशांनी बहुधा कादंबऱ्या वाचल्या नसाव्यात. तेव्हापासून इंदुताईंच्या घरी वांगं आलेलं नव्हतं.

दर्पण कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत आता त्या एकट्याच होत्या. यजमान अभिराम कॉलेजात असतानाच गेले होते. ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की तब्येत विचारत, थंडीबद्दल बोलत, आणि अभिरामचा विषय निघेल की काय या धास्तीने लगबगीने पुढे जात. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण घरात नाव घ्यायला कोणी नाही आणि बाहेर कोणी घेत नाही, असं तीन वर्षं चाललं होतं.

म्हणून त्या सुडाच्या कादंबऱ्या वाचत होत्या. आपल्या मनात जे रात्रंदिवस धुमसतं त्याचं पुढे करायचं काय, हे कुणीतरी लिहून ठेवलं असेल असं त्यांना वाटत होतं. पण कादंबरीतल्या सूड घेणाऱ्याला कधी गीझर दुरुस्त करून घ्यावा लागत नाही, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागत नाही. त्याला शत्रूच्या घराची प्रत्येक खिडकी ठाऊक असते, पण आपल्या गेलेल्या माणसाला पोहे कसे आवडायचे ते मात्र आठवत नाही. याचा इंदुताईंना फार राग यायचा. त्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच पुन्हा पुन्हा येत होतं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. देवासहून भालचंद्रराव नावाचे गृहस्थ बोलत होते. मुलीसाठी ग्वाल्हेरचं स्थळ आलं होतं आणि त्यांना मुलाची चौकशी करायची होती. यात नवल काहीच नव्हतं. इंदुताई वर्षानुवर्षं वाचनालयात रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेत. त्यामुळे गावातली मराठी मुलं लग्नाची झाली की मुलीकडची माणसं हटकून त्यांच्याकडे येत. इंदुताई पदरचं काही सांगत नाहीत आणि असलेलं लपवत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. त्यापायी दोन लग्नं मोडलीही होती. त्यांनी सवयीने मुलाचं नाव विचारलं.

"उत्कर्ष," भालचंद्रराव म्हणाले. "जगदेवरावांचा मुलगा. तुमच्या वर्गात येत होता म्हणे."

इंदुताईंच्या ध्यानात आलं की या माणसाला काहीही माहीत नाही. ते तिथल्या तिथे सांगून टाकणं सरळ होतं. त्या म्हणाल्या, गुरुवारी चार वाजता या.

फोन ठेवल्यावर त्यांना आनंद झाला. तीन वर्षांत पहिल्यांदाच झाला आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. कादंबरीतला माणूस तीनशे पानं वणवण करतो तेव्हा कुठे त्याला संधी मिळते. इथे ती स्वतःहून घरी चालत येत होती आणि चहाही घेणार होती. बुधवारी दिवसभर त्यांनी एकच वाक्य घोटलं: ज्या घरात मुलगी देताय, त्या घराने माझा मुलगा मारला आणि वर देवाची शपथ घेतली. पोळ्या लाटताना त्या ते मोठ्याने म्हणत होत्या. 'मारला' या शब्दापाशी आवाज चढायचा, तो त्यांनी दहा-बारा वेळा म्हणून खाली आणला.

गुरुवारी भालचंद्रराव आले ते पत्नीला, कुमुदिनीबाईंना घेऊन. दोघं साधी, थोडी बुजलेली. गुडघ्यांवर शाली घेऊन ती सोफ्यावर बसली. मुलगी गरिमा, एम.कॉम. झालेली, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं.

"मुलगा तर खूप सीधा वाटला आम्हांला," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "कमी बोलतो. पण एकच मुलगी आहे आमची. बायोडाटामध्ये तर काय, सगळेच चांगले असतात."

वाक्य इंदुताईंच्या जिभेवर होतं. पण इंदुताईंची शिकवण्यातली जुनी खोड, उत्तर देण्याआधी प्रश्न कुठून आला ते बघायची. त्यांनी विचारलं, माझं नाव तुम्हाला कोणी दिलं?

"उत्कर्षच्या आईनेच," भालचंद्रराव म्हणाले. "जगदेवराव मागच्या साली वारले, आता घरात त्याच बघतात सगळं. पूछताछ करायला दोन-चार नावं द्या म्हटलं, तर म्हणाल्या, बाकी कोणाला नका विचारू. इंदुताईंना विचारा. त्या जे सांगतील ते खरं."

दूध बघून येते, असं म्हणून इंदुताई आत गेल्या. गॅस पेटलेलाही नव्हता. ओट्याला टेकून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा नुसता संताप झाला. हक्काचा सूड असा कोणी ताटात वाढून देतं का? आपण हिसकावून घ्यायची वस्तू त्या बाईने परस्पर पाठवून दिली होती. पाचही कादंबऱ्यांत असं कुठे नव्हतं. घोटून ठेवलेलं वाक्य त्यांनी पुन्हा मनात म्हणून पाहिलं, तर ते दुसऱ्या कोणाचं तरी पाठांतर वाटायला लागलं.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीखाली माझा मुलगा गेला," त्या म्हणाल्या. "कोर्टाने उत्कर्षला सोडलं. गाडी तोच चालवत होता असं मी मानते. मी पाहिलेलं नाही. वर्गात असताना मुलगा वाईट नव्हता, हेही खरं आहे."

भालचंद्ररावांनी कप बशीत ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. बाहेर कोणीतरी गेट उघडून बंद केलं. आता उठतील, असं इंदुताईंना वाटलं. आजवर सगळे उठलेच होते.

"काय नाव होतं त्याचं?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

पोलिसांनी, वकिलांनी, वाचनालयातल्या माणसांनी तीन वर्षं उत्कर्षचीच विचारपूस केली होती. तो सुटेल का, तो कुठे असतो, त्याचं आता काय चाललंय.

"अभिराम," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांना थांबता येईना. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या काठावर ओळीने मांडायचा आणि शेवटी एकदम खायचा. एकतीस वर्षांचा झाला तरी पालीला घाबरायचा. शीळ घालायचा, पण सूर कधी लागला नाही. चाव्या कायम फ्रिजवर विसरायचा. कुमुदिनीबाई मध्येच हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. साडेपाच वाजले तरी दोघं बसून होती. उत्कर्षचं नाव पुन्हा निघालं नाही. निघताना दारात भालचंद्रराव म्हणाले, की आता मुलालाच समोर बसवून विचारू. इंदुताईंनी मान हलवली.

त्यांनी कप विसळले, देवापाशी दिवा लावला. घर पुन्हा रोजच्यासारखं गप्प झालं. मग त्यांनी कपाटातून रविवारच्या वर्गाची जुनी वही काढली. पालकांचे नंबर शेवटच्या पानावर होते.

फोन लगेच उचलला गेला.

"इंदू बोलतेय. पाहुणे येऊन गेले," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं."

"हो," लीलाताई म्हणाल्या. "त्या दिवशी वांगं केलं नव्हतं, इंदुताई. काहीच केलं नव्हतं मी. तो आला आणि बाथरूममध्ये दार लावून बसला. सकाळपर्यंत."

इंदुताईंनी वही मिटली.

"हे मला सांगून आता काय होणार?"

"आणखी कोणाला सांगू?"

इंदुताईंनी फोन ठेवला नाही. पायाने खुर्ची जवळ ओढली आणि तो कानाशी तसाच धरून त्या खाली बसल्या.