वाळूच्या खड्ड्यापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या खेड्यात, पाळकसाहेबांच्या गोठ्यात मी पडून असते. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. माझी तक्रार नाही. निदान त्या मला बघून रडत तरी नाहीत.

तावेत्ती सुताराने मला भूर्जाच्या लाकडातून घडवलं. चाकांऐवजी त्याने मला वाफेवर वाकवलेल्या दोन लांब पट्ट्या दिल्या, आणि त्यांच्यावरून मी बर्फात अशी काही घसरायचे की रुस्को घोड्यालाही पळायचा हुरूप येई. किती नवऱ्या माझ्यात बसून चर्चला गेल्या, किती तान्ह्यांना मी बाप्तिस्म्याला नेलं! मी दिसले की मुलं मागे लोंबकळायला धावत, आणि पाळक हेइक्किला खोटं खोटं रागावत. तेव्हा गावात माझा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

मग १९३९-४०चा तो हिवाळा आला. सीमेवर युद्ध पेटलं आणि गावातली तरणी पोरं तिकडे गेली. आमच्याकडे शिपाई पडला की खबर आधी पाळकांना येते, आणि ती घरी जाऊन सांगणं त्यांचंच काम. त्यामुळे मी रस्त्याला लागले की बायका खिडकीशी उभ्या राहून मनात म्हणत, पुढे जा, पुढे जा. ज्या अंगणात मी वळे, तिथलं रडणं मला परत येताना बराच वेळ ऐकू येई.

एकदा पाळकसाहेब चुकले. गाण्याच्या सरावाचं विचारायला ते मला घेऊन त्युनेच्या घरी गेले. तिचा नवरा सीमेवर होता. मला वळताना बघून तिच्या हातातली दुधाची बादली पडली आणि ती बर्फातच खाली बसली.

"अगं, काही झालेलं नाही! रविवारच्या गाण्याचं विचारायला आलोय."

"मग चालत यायचं ना, पाळकसाहेब!" त्युने किंचाळली. "या मेलीला कशाला आणलंत माझ्या दारात?"

मेली म्हणजे मी. त्या दिवसापासून इतर सगळ्या कामांना पाळकसाहेब बर्फपट्ट्या पायाला बांधून जाऊ लागले. मला बाहेर काढत ते फक्त मरणाच्या खबरीला. मला फार वाईट वाटलं, पण त्युनेचं चुकलं असं मी कसं म्हणू?

फेब्रुवारीत एकाच दिवशी दोन खबरी आल्या. एक होता एइनो, चर्चच्या पंचांतल्या आउकुस्ती शेतकऱ्याचा मुलगा. दुसरा आर्मास, लेम्पीचा एकुलता एक. दोघे एकाच खंदकात पडले होते.

लेम्पी जंगलाच्या कडेला एकटी राहायची. बावीस वर्षांपूर्वी देशात भावाभावांचं युद्ध झालं, मजुरांचे लाल आणि शेतमालकांचे पांढरे असे गावाचे दोन तट पडले. तिचा नवरा विल्हो लाल बाजूला होता. पांढरे जिंकले, आणि विल्होला इतर काही जणांबरोबर जंगलातल्या वाळूच्या खड्ड्यात गोळ्या घालून तिथेच पुरलं. तेव्हाच्या पाळकांनी प्रार्थना म्हणायला नकार दिला. त्यानंतर लेम्पी चर्चची पायरी चढली नव्हती.

मी तिच्या अंगणात थांबले तेव्हा ती लाकडं फोडत होती. तिने कुऱ्हाड ओंडक्यावर ठेवली.

"इतक्या वर्षांत चर्चची गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली," ती म्हणाली. "काहीतरी न्यायलाच आली असणार."

पाळकसाहेबांनी टोपी काढून सांगितलं. आर्मासला गावी आणू, चर्चच्या आवारात शिपायांच्या ओळीत, झेंड्याखाली मान देऊन पुरू, असंही सांगितलं.

"नको," लेम्पी म्हणाली. "त्याच्या बापाला तुमच्या मातीत जागा नव्हती. माझ्या लेकाला त्याच्याजवळ वाळूत ठेवा. नाहीतर आधी विल्होजवळ जाऊन प्रार्थना म्हणा. मग न्या माझ्या पोराला कुठे न्यायचं ते."

दुसऱ्या दिवशी आउकुस्ती आमच्या अंगणात आला. पोराच्या दुःखाने त्याचे डोळे सुजले होते, पण पाळकसाहेबांचा बेत ऐकून तो भडकला.

"त्या बंडखोरांसाठी प्रार्थना? आणि तीही माझा पोरगा देशासाठी गेला असताना?"

"तिचाही गेलाय, आउकुस्ती. तुझ्या एइनोच्या शेजारीच."

"लोक काय म्हणतील?"

"प्रभूने क्रुसावर मारणाऱ्यांसाठीसुद्धा क्षमा मागितली. मी मेलेल्यांसाठी दोन शब्द बोलायचे नाहीत? एका देशाची पोरं एका ओळीत झोपवायची आणि त्यांचे बाप वेगळे ठेवायचे, हे मला जमणार नाही."

आउकुस्ती पाठ फिरवून निघून गेला. मला वाटलं, संपलं सगळं.

पण सकाळी तोच फावडं घेऊन आला. रुस्कोला त्याने स्वतः जुंपलं, आणि जंगलात माझ्यापुढे चालत बर्फ बाजूला सारत वाट काढली. पाळकसाहेबांशेजारी लेम्पी माझ्यात ताठ बसली होती. खड्ड्यापाशी तिने आउकुस्तीकडे रोखून पाहिलं.

"त्या दिवशी तू इथे होतास ना?"

"होतो. पहाऱ्यावर होतो."

"मग मला एवढंच सांग, तो नक्की कुठे आहे? इतकी वर्षं मी नुसती कडेला उभी राहून परत जाते."

आउकुस्तीने फावडं बाजूला ठेवलं. तो खड्ड्यात उतरला, एका पाइन झाडाखाली थांबला आणि हाताने जमीन दाखवली. "इथे. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही, लेम्पी. त्याने तुझं नाव घेतलं. मला कधी सांगता आलं नाही."

लेम्पी तिथे गुडघ्यांवर बसली आणि बर्फ ओंजळीने दूर करू लागली. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. आउकुस्तीने टोपी काढून मान खाली घातली.

रविवारी आर्मास आणि एइनो शेजारी शेजारी पुरले गेले. मित्रांनो, त्याने कोणाचंही दुःख कमी झालं नाही. लेम्पी आणि आउकुस्ती पुढेही एकमेकांशी फारसं बोलत नसत. पण दर नाताळच्या संध्याकाळी लेम्पी त्या दोन्ही थडग्यांवर मेणबत्त्या लावी, आणि आउकुस्ती एक मेणबत्ती घेऊन एकटाच जंगलाकडे जाई.

आता ती दोघंही नाहीत. मोटारी आल्या आणि मला कोणी बाहेर काढेनासं झालं. नाताळला शिपायांच्या ओळीवर अजून मेणबत्त्या लागतात, आणि गोठ्याच्या फटीतून मला तो उजेड दिसतो. जंगलाच्या बाजूला मात्र आता अंधारच असतो.

मला दुरुस्त करा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. माझ्या पट्ट्या कुजल्या आहेत आणि कोंबड्यांना मी पुरते. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. देशासाठी पडलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्ती लावायला जाल, तेव्हा खिशात एक जास्तीची ठेवा. ओळीत ज्यांना जागा मिळाली नाही, ते कुठे आहेत हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सांगणारं कोणी उरलं आहे तोवरच विचारा.