घोड्याचा झाला घडा

मी एक जुनं पुस्तक आहे. पण मित्रांनो, मी स्वतःला ग्रंथ समजतो, म्हणून बोलतोही तसाच ऐटीत! बुद्धिबळाचा डाव सुरू कसा करावा, एवढंच मी शिकवतो. संपवायचा कसा, ते मला विचारू नका.

माझ्या पहिल्याच पानावर 'घोडा बाहेर काढा' ऐवजी 'घडा बाहेर काढा' असं छापलंय. दोष माझा नाही हं, छापखान्याचा!

कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका बाबांनी मला विकत घेतलं. त्यांची चिमुरडी लेक मोठ्याने वाचायला बसली आणि अडली. "बाबा, यातला घडा कुठला हो?" बाबा हसून हसून बेजार झाले. तेव्हापासून त्या घरात घोड्याला घडाच म्हणत. लेकीने घोडा मारला की बाबा कपाळाला हात लावायचे, "फुटला गं माझा घडा!" माझी अशी रोज थट्टा व्हायची. मी चिडायचो, पण बाबांच्या तेलकट बोटांचे ठसे मला आवडायचे.

पुढे लेक लग्न होऊन परगावी गेली. खेळायला कुणी उरलं नाही. मी कपाटाच्या तळाशी धूळ खात पडलो. फार एकटं वाटायचं.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. काही दिवसांनी हात हलू लागला, पण तोंडातून शब्द फुटेना. लेक धावत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओळखीचं काहीतरी बोलत राहा." तिने जुने फोटो दाखवले, गाणी लावली. बाबा नुसते भिंतीकडे बघत. आता बाबांची हाक पुन्हा कधी ऐकू येणारच नाही की काय, या धास्तीने ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एका दुपारी तिने मला शोधून काढलं, ओढणीने पुसलं आणि बाबांसमोर पट मांडला. डोळे भरलेले, अक्षरं धूसर. "राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. मग घोडा बाहेर काढा." नेमका बरोबर वाचला, आणि तिथेच चुकली!

बाबांच्या कपाळावर आठी उमटली. ओठ थरथरले.

"घ... घडा," ते म्हणाले. "घडा गं, वेडाबाई."

तिने मला असं छातीशी कवटाळलं, की माझी शिवणच उसवली. उसवू दे मेली!

मित्रांनो, पुस्तकं जपा, फाटलेली पानं चिकटवा. माझी ती चूक मात्र कुणी पेनाने दुरुस्त करू नका. तिच्यावाचून आमच्या घरचा डाव सुरूच होत नाही.