न धुतलेली कोथिंबीर

सदाशिव पेठेत कल्याणीकाकूंच्या खाणावळीचं नाव होतं ते स्वच्छतेसाठी. चपला दाराबाहेर, हात धुतल्याशिवाय ताट नाही, आणि काकूंच्या तोंडाचा पट्टा कायम सुरू. चंद्रपूरहून शिकायला आलेली मैत्री घरी मटण खाते हे कळल्यापासून तर काकू तिचं ताट वेगळं ठेवायच्या आणि दोनदा घासून घ्यायच्या. पोरगी काय ते समजली होती. तरी "काकू, कोशिंबीर अजून थोडी" म्हणत हसून जेवायची.

अशी पोरगी परवा वर्गातच फेफरं येऊन कोसळली. मेंदूत जंताच्या अळीची गाठ निघाली. काकू दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मटण खाल्ल्यावर दुसरं काय होणार!"

डॉक्टरही पेठेतलेच. "मटणाचा काडीचा संबंध नाही, काकू. या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. घाण पाण्यावर पिकलेली भाजी न धुता कच्ची खाल्ली की पोटात जातात. कोबी, कोथिंबीर, काहीही. जन्माचे शाकाहारीसुद्धा येतात माझ्याकडे. हिला कुठून आली, ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

कोथिंबीर म्हटल्यावर काकू चपापल्या. धुऊन ठेवली की सडते, म्हणून निवडून कागदात गुंडाळायची आणि ऐन वेळी धुवायची, ही सासूबाईंची शिकवण. पण पंगत बसली, पोरं ओरडायला लागली की कसलं धुणं! तशीच चिरून मूठभर कोशिंबिरीवर भुरभुरायची. ब्रह्मदेवाला माहीत नसेल, काकूंना पक्कं माहीत होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या मऊ भाताचा डबा घेऊन दवाखान्यात गेल्या. मैत्रीची आई गावाहून आली होती. तिने काकूंना पाहताच हात जोडले.

"तुमच्याकडचं स्वच्छ जेवण होतं जी, म्हणून आम्ही निश्चिंत होतो."

गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. डॉक्टरांनी पळवाट ठेवलीच होती. पण त्या जोडलेल्या हातांपुढे काकूंना उभं राहवेना.

"हात नका हो जोडू," त्या रडतच म्हणाल्या. "हिचं ताट मी रोज दोनदा धुतलं, आणि हिच्या पानात वाढायची कोथिंबीर एकदाही धड धुतली नाही."

मैत्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी तिने ताटाचं कधी सांगितलंच नव्हतं.

आई गोंधळली. कोथिंबिरीचं तिने ऐकलंच नव्हतं बहुतेक.

"ताट?" तिने विचारलं. "ताट दोनदा कशाला जी?"