दोन हात लांब

“ताई, आज ईशूला मी न्हाऊ घालते,” असं आकांक्षा म्हणेपर्यंत तिच्या थोरल्या जावेनं, प्रियदर्शनीनं, पोरीला टपात बसवलंसुद्धा होतं.

“अगं, पाणी थंड होऊन राह्यलं म्हणून घेतलं. तुझा एकच तर रविवार. पड की जरा.”

पड की जरा! सहा दिवस एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर उभं राहायचं, ते सातव्या दिवशी पडून राहायला? अंगणात पौषातलं कोवळं ऊन पसरलं होतं. दीड वर्षाची ईशू दोन्ही हातांनी पाणी थापटत होती. थेंब उडाले की डोळे गच्च मिटून खिदळत होती.

“डाव्या कानापाशी पाणी आलं की मान बघ कशी वाकडी करती,” जाऊबाई म्हणाली.

“माहिती हाय मला,” आकांक्षा म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

ओट्यावर सासूबाई, झुंबरबाई, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बाजेवर पडलेल्या कल्याणनं आपल्या बायकोकडे, आकांक्षाकडे, बघत मुद्दाम विचारलं, “ईशू, आई कुठंय गं?”

ईशूनं ओलं बोट उचललं आणि थेट प्रियदर्शनीच्या नाकाला लावलं.

“घ्या! आकांक्षा, तुझा पत्ताच कटला!” कल्याण म्हणाला. सगळे हसले. “अगं येडे, मी मोठीआई. तुझी आई ती तिकडं,” असं म्हणताना जाऊबाईही हसली. पण लगेच खाली बघून तिनं पोरीचा पापा घेतला, तो पापा आकांक्षाला काट्यासारखा टोचला. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मात्र आकांक्षाच.

मनात ती म्हणाली, दोन पोरं हायेत की तुम्हाला. शाळेत जाणारी, धडधाकट. माझी एकच हाय.

आणि तोंडानं काय बोलणार? जाऊ होती म्हणून तर नोकरी होती. ईशूला ताप आला तर रात्र जागायची जाऊ, आणि त्याबद्दल एका शब्दानं ऐकवायची नाही. ऐकवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

न्हाणं झालं, काजळ-तीट झाली. जाऊबाई भाकरी टाकायला आत गेली. ईशू कोंबडीमागं धावू लागली. दोन पावलं, धप्प, परत उभी.

आता. आकांक्षानं सकाळीच डोक्यावरून आंघोळ केली होती, धुतलेली साडी नेसली होती. ती उन्हात उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले. “ईशू, ये! ये माझ्याकडं!”

ईशूनं वळून पाहिलं. कोंबडी सोडली, आणि निघाली की धावत! पोरगी आली, आली आणि दोन हात लांब थबकली. दोन्ही हात पाठीमागं नेऊन उभी राहिली. मग एक बोट पुढं काढून दटावत म्हणाली, “थांब. औछद.”

आकांक्षाचाच आवाज होता तो. बियाण्याला लावायचं गुलाबी, विषारी औषध रोज तिच्या हाताला, कपड्यांना लागायचं. टेम्पोतून उतरली की ईशू धावत यायची, आणि ती लांबूनच ओरडायची, “थांब! हात न्हाई लावायचा. औषध हाय!” मग न्हाणीचं दार लावून घसघसून आंघोळ. बाहेर येईतो पोरगी जावेच्या कडेवर घास खात असायची. आठ महिने एकही दिवस तिनं हे चुकवलं नव्हतं.

झुंबरबाईंचा शेंगांवरचा हात थांबला. कल्याण उठून बसला. “अगं, आज औषध न्हाई बेटा, जाय…”

“राहू द्या,” आकांक्षा म्हणाली. ओढून घेता आलं असतं. ती उठली, टपापाशी गेली, आणि स्वच्छ हात पुन्हा धुऊ लागली. साबण लावून, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून. तिथला गुलाबी रंग एका रविवारानं जात नव्हता.

ईशू जवळ येऊन बसली आणि टक लावून बघू लागली. हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. न्हाणीचं दार बंद असायचं.

“ईशू, चल, भाकर…” पिठाच्या हातांनी प्रियदर्शनी दारात आली, आणि तिथंच थांबली.

आकांक्षानं निथळते तळवे उन्हात पुढं धरले. ईशूनं वाकून आधी वास घेतला. दारातल्या मोठीआईकडे पाहिलं. मग हळूच एक बोट टेकवलं.

आकांक्षानं मूठ मिटली नाही.